शर्यतीपूर्वीचा आठवडा आणि धावपटूचा गुडघा

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी भरते, आणि हा रविवार 15 ते 21 या तारखांच्या बाहेर कधी जात नसल्यामुळे 14 जानेवारी हा दिवस शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी न चुकता येतो. छत्रपती संभाजीनगरात या दिवसाला दुहेरी महत्त्व आहे. घरोघरी संक्रांतीचा तिळगूळ आणि गच्च्यांवर पतंग असतातच. शिवाय 1994 साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यामुळे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दूरदूरच्या गावांहून आलेल्या लोकांचा समुदाय लोटतो. अशा गजबजलेल्या आठवड्यात, चार-पाच महिने पहाटेची झोप मोडून ज्याने बेचाळीस किलोमीटरांची तयारी केली त्या धावपटूचा गुडघा नेमका दुखू लागावा, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे वाटते. या आठवड्यात केलेल्या चुकांचे परिणाम पुढे कित्येक महिने भोगावे लागतात, आणि त्यांतील बहुतेक चुका उतावळेपणातून होतात.

आपल्या शहरात धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत फार वाढली. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, गोगाबाबा टेकडीची वाट आणि दौलताबादकडे जाणारा रस्ता येथे थंडीतल्या पहाटे तरुणांच्या बरोबरीने पन्नाशी ओलांडलेले स्त्री-पुरुषही धावताना दिसतात. थंडीच्या दिवसांत येथे भरणारी ‘लोकमत महामॅरेथॉन’ एकवीस किलोमीटरांपर्यंतच्या अंतरांची असते. ज्याला पूर्ण 42.195 किलोमीटर धावायचे असते तो बहुधा मुंबईची वाट धरतो. म्हणजे आपल्या धावपटूच्या बाबतीत शर्यतीच्या परिश्रमाला रेल्वेच्या पावणेचारशे किलोमीटर प्रवासाची, परक्या ठिकाणच्या मुक्कामाची आणि खर्च झालेल्या पैशाची जोड असते, आणि या सर्वांचा भार निर्णयाच्या क्षणी मनावर पडतो. गुडघ्याचा विचार करताना हा भार बाजूला ठेवता येणे, हीच खरी कठीण गोष्ट आहे.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा शिरस्ता सर्वमान्य आहे. धावपटू त्याला टेपरिंग म्हणतात. सरावाची तीव्रता फारशी न उतरवता एकंदर अंतर सुमारे 40 ते 60 टक्क्यांनी घटवले, तर स्नायूंचा शीण निघून जातो आणि शर्यतीच्या दिवशी कामगिरी सुधारते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. परंतु हेच दिवस शंकाकुशंकांचेही असतात. ज्या बारीकसारीक वेदना साठ-सत्तर किलोमीटरांच्या आठवड्यात थकव्याखाली दबून जात होत्या त्या आता जाणवू लागतात. रिकाम्या वेळात मन शरीराच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवते. आणि महिनोन्महिने साचत आलेला ताण तर खरोखरच असतो. म्हणून या आठवड्यात उठलेली कळ पूर्णपणे काल्पनिक मानून झटकणे जितके अयोग्य, तितकेच तिला सर्वनाशाची सूचना समजून घाबरणेही अयोग्य. ती कळ कोणत्या जातीची आहे याची खातरजमा करणे, हे पहिले काम.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या भेटीच्या जागी, पुढून वाटीचे संरक्षण घेऊन, गुडघ्याचा सांधा बसलेला असतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण, दोन्ही हाडांच्या मध्ये मेनिस्कस नावाच्या अर्धचंद्राकृती गाद्या, आतून एकमेकांना छेदून जाणारे आणि दोन्ही बाजूंनी बांधून ठेवणारे अस्थिबंध, अशी त्याची रचना आहे. परंतु धावणाऱ्यांची सर्वांत सामान्य तक्रार यांपैकी काही फाटल्यामुळे उद्भवत नाही. वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधला भाग वारंवारच्या दाबाने हुळहुळा होतो. जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना, किंवा फार वेळ गुडघा मुडपून बसल्यावर वाटीच्या मागे किंवा भोवती मंद वेदना होते. दुसरी तक्रार गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची. कंबरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली उतरणारा जो जाड पट्टा असतो, ज्याला धावपटू आयटी बँड या नावाने ओळखतात, त्याच्या खालच्या टोकाशी ठरावीक अंतर धावल्यावर टोचल्यासारखी कळ येते, आणि उतारावर ती वाढते. ज्यांनी दमछाकीची तयारी म्हणून दौलताबादचा घाट वारंवार चढून-उतरून काढला, त्यांना या दुखण्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. या दोन्ही तक्रारी त्रासदायक आहेत, पण भयंकर नाहीत. भार कमी होताच त्या पुष्कळदा नरम पडतात.

भयंकर गोष्टी निराळ्या, आणि त्यांची लक्षणे सामान्य माणसालाही ओळखता येतात. गुडघ्यावर स्पष्ट सूज दिसणे, तो मध्येच अडकणे, चालताना अचानक लचकून दगा देणे, काटकोनापर्यंत वाकवता न येणे, किंवा चार पावलेही त्या पायावर भार देऊन टाकता न येणे, यांपैकी काहीही असेल तर धावण्याचा विचार तेथेच तहकूब करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. पडल्यानंतर किंवा आघातानंतर एक्स-रे काढावा की नाही हे ठरवताना डॉक्टरही या शेवटच्या दोन लक्षणांचा आधार घेतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे हाडावर ताणाने पडणारी बारीक भेग. तिची वेदना बोटाच्या टोकाने दाखवता येईल इतक्या एका जागी असते, एका पायावर उडी मारल्यास तीव्र होते, रोज थोडी अधिक लवकर सुरू होते आणि पुढे रात्री अंथरुणातही सतावते. प्रारंभीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसतच नाही; त्यासाठी एमआरआय लागतो. शिवाय खुब्याच्या हाडाला भेग असताना वेदना जांघेत किंवा चक्क गुडघ्यात जाणवते, ही गोष्ट फार थोड्या धावपटूंना ठाऊक असते. अशी भेग घेऊन बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याचे हाड पूर्ण मोडू शकते आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. येथे धैर्य दाखवण्यात काहीही पुरुषार्थ नाही.

अस्थिबंधाची इजा याहून वेगळी, एका क्षणात होणारी. आपल्याच मराठवाड्याचे, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे, ज्यांनी 2020 साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली आणि हे अंतर एकसष्ट मिनिटांच्या आत धावणारे पहिले भारतीय ठरले, ते जुलै 2025 मध्ये मोनाको येथे स्टीपलचेसच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडले. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध आणि मेनिस्कस यांना इजा झाली, मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच वर्षीच्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या या खेळाडूलाही गुडघ्याने सवलत दिली नाही. ज्यांचा चरितार्थ आणि देशाचा लौकिक पायांवर अवलंबून आहे ते वैद्यांचा निर्णय मानतात. आपण हौसेने धावणारी माणसे मात्र फिजिओ थांबायला सांगतो तेव्हा त्याच्याशी घासाघीस करतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

धोक्याचे लक्षण नसेल, तर या आठवड्यात करावयाचे काम थोडे आहे आणि त्यातील बराचसा भाग न करण्याचा आहे. सात ते दहा दिवसांच्या विश्रांतीने मोठ्या कष्टाने मिळवलेला दम नाहीसा होत नाही, हे शरीरशास्त्राने निःसंशय दाखवले आहे. आणि याच दिवसांत केलेला सराव शर्यतीच्या दिवशी उपयोगी पडण्याइतका मुरत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कळ उठल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस धावणे सर्वस्वी बंद ठेवावे. अगदीच राहवत नसेल तर वेदना न होईल इतपत पोहावे किंवा सपाटीवर हलक्या हाताने सायकल चालवावी. मांडी घालून दीर्घकाळ बसणे, वज्रासन, उकिडवे बसून करायची कामे आणि अनावश्यक जिने टाळावेत. पाहुण्यांना घेऊन देवगिरी किल्ला चढण्याचा किंवा वेरूळची लेणी दिवसभर हिंडण्याचा बेत शर्यतीनंतरच्या आठवड्यावर ढकलावा. संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर तासन्‌तास पतंगामागे धावण्याचेही तसेच. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, परंतु ज्या सांध्याला विश्रांती द्यायची आहे त्याला धावपट्टीवर विश्रांती देऊन जिन्यावर राबवणे निरर्थक आहे.

बर्फाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे, हा जो चतुर्विध उपाय जगभर रूढ झाला तो अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 साली सुचवला. पुढे 2014 मध्ये त्यांनीच लिहून ठेवले की बर्फामुळे आणि संपूर्ण विश्रांतीमुळे दुखापत भरून येण्याचा वेग वाढण्याऐवजी मंदावू शकतो. यावरून बर्फ टाकाऊ ठरत नाही. कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होते आणि झोप चांगली लागते, एवढे त्याचे काम मान्य करून त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवू नये. मालिशीचेही असेच. मांडीच्या स्नायूंना हलक्या हाताने तेल लावून घेण्यास हरकत नाही. परंतु दुखऱ्या जागेवर अंगठ्याने जोर देऊन ‘गाठ फोडणाऱ्या’ कसलेल्या हातांपासून या आठवड्यात दूर राहावे, कारण तेथे गाठ नसते, चिडलेले ऊतक असते. नवे बूट, नवी निकॅप, नवा व्यायाम, यांपैकी कशाचाही प्रारंभ आता करू नये. सवय नसलेल्या व्यायामाने येणारी स्नायूंची वेदना एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते, म्हणजे गुरुवारी उत्साहाने काढलेल्या बैठका रविवारच्या सुरुवातीच्या रेषेवर हिशेब मागतात.

आता वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न, जो माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक विनासायास मिळते, सोबतचा धावपटू खिशातून पाकीट काढून देतो, आणि ‘एक गोळी घे, काही होत नाही’ हा सल्ला मैत्रीच्या भावनेने दिला जातो. जर्मनीतील बॉन शहराच्या 2010 सालच्या शर्यतीत उतरलेल्या सुमारे 3,900 धावपटूंची माहिती संशोधकांनी गोळा केली तेव्हा आढळले की त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी शर्यतीपूर्वी वेदनाशामक घेतले होते. आणि पोटाचे, मूत्रपिंडाचे व हृदयाचे त्रास गोळी घेणाऱ्यांमध्ये न घेणाऱ्यांच्या सुमारे पाचपट होते. नऊ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि ते नऊही जण गोळी घेतलेल्यांपैकीच होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. दीर्घकाळ धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, मूत्रपिंडाचा पुरवठा आधीच आकसतो, घामाने शरीरातील पाणी घटते. अशा वेळी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी जी द्रव्ये शरीर तयार करते, नेमकी तीच या गोळ्या रोखतात. मुंबईच्या दमट हवेत, जेथे कोरड्या हवेत सराव केलेल्या मराठवाड्यातील माणसाला घामाचा अंदाजच येत नाही, तेथे हा धोका वाढतो. शिवाय वेदना हीच ज्या सांध्याची एकमेव भाषा आहे तिचे तोंड बंद करून त्यावर हजारो पावले आदळणे, यात शहाणपण कोणते? सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन धावण्याची तजवीज त्याहूनही अविचाराची. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज साधी गोळीही घेऊ नये.

सोमवारी किंवा मंगळवारी दुखणे उठले असेल तर गुरुवारी, फार तर शुक्रवारी पहाटे, सपाट जमिनीवर एकदाच पंधरा-वीस मिनिटे सावकाश धावून पाहावे. वेदनेला शून्य ते दहा असे आकडे दिले, तर ती तीनच्या वर न जाणे, धावता धावता न वाढणे, चालण्या-धावण्याची ढब न बदलवणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा अधिक नसणे, या चारही गोष्टी साधल्या तर शर्यतीला उतरण्यास प्रत्यवाय नाही. यांपैकी तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लंगडत धावणारा माणूस एका गुडघ्याचा भार दुसऱ्या गुडघ्यावर, खुब्यावर आणि घोट्यावर टाकत असतो, आणि बेचाळीस किलोमीटरांत त्या साऱ्यांचीच हानी होते. चाचणी एकदाच करावी, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. दुखते का हे तपासण्यासाठी रोज थोडे थोडे धावणारा माणूस दुखणे जिवंत ठेवतो.

मुंबईचा प्रवासही गुडघ्याच्या सोयीने आखावा. पूर्ण मॅरेथॉनचा क्रमांक शर्यतीच्या आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शनिवारी धावतपळत पोचण्यापेक्षा शुक्रवारीच पोचणे बरे. दिवसाच्या गाडीत बसून गेल्यास सहा-सात तास गुडघा मुडपलेला राहतो आणि वाटीचे दुखणे नेमके त्यानेच बळावते. त्यामुळे तासाला एकदा उठून डब्यात फेरी मारावी, किंवा देवगिरी एक्सप्रेसने रात्री आडवे पडून, पाय पसरून जावे. क्रमांक घेण्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनात दोन-दोन तास उभे राहण्याचा मोहही आवरावा. खाण्याविषयी एवढेच की शेवटच्या दोन दिवसांत भात, पोहे, बटाटा यांसारखे पचायला हलके पिष्टमय अन्न वाढवल्यावर वजन एक-दोन किलोंनी वाढलेले दिसते. ते स्नायूंत साठलेल्या साखरेसोबत आलेले पाणी असते. गुडघ्यावर भार पडेल या भीतीने उपास करणे चूक.

प्रत्यक्ष शर्यतीत किंचित दुखरा गुडघा घेऊन उतरणाऱ्याने ठरवलेली वेळ विसरावी. पावले नेहमीपेक्षा आखूड आणि किंचित जलद टाकली, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा ताण घटतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. प्रत्येक पाणपोईपाशी मिनिटभर चालावे. मुंबईच्या धावपटूंच्या बोलण्यात पेडर रोडच्या चढाची दहशत असते, पण दुखऱ्या गुडघ्याला उताराचा धोका अधिक. चढ चालत काढावा आणि उतारावर वेग मुळीच घेऊ नये. आणि ढब बदलली, कळ वाढत गेली, तर थांबण्याचे ठिकाण आधीच मनाशी मुक्रर केलेले असावे. तिसाव्या किलोमीटरला थकलेले मन न्यायनिवाडा करू शकत नाही. तो फैसला शनिवारी रात्री शांतपणे करून ठेवावा आणि घरच्यांना सांगून ठेवावा.

शर्यत अर्धवट सोडणे म्हणजे अपयश, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताचे नाव प्रथम लागले ते 1920 साली अँटवर्प येथे, आणि तेथे दोन भारतीय धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचे ते अंतर 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत कापून एकोणिसावा क्रमांक मिळवला. सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. शंभर वर्षांनंतरही दोघांची नावे ऑलिंपिकच्या एकाच दप्तरात नोंदलेली आहेत, आणि पहिल्या भारतीय मॅरेथॉनपटूंचा उल्लेख करताना दातारांचे नाव कोणी गाळत नाही.

धावल्याने गुडघे झिजतात, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आक्षेप मात्र या निमित्ताने फेटाळून लावला पाहिजे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साडेतीन टक्क्यांच्या आसपास, तर बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांहून थोडा अधिक आढळला. अत्युच्च पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत मात्र तो तेराच्या घरात गेला. बेताने आणि नियमाने धावणारा गुडघा चाळीस वर्षे साथ देऊ शकतो. त्याला एका रविवारसाठी पणाला लावू नये, एवढेच मागणे आहे.

आणि हे मागणे धावपटूपेक्षाही त्याच्या भोवतालच्या माणसांजवळ अधिक आहे. गटातील सोबत्यांनी, कार्यालयातील सहकाऱ्यांनी आणि घरातील मंडळींनी, ज्याने दुखऱ्या गुडघ्यामुळे भरलेल्या शुल्कावर पाणी सोडून नाव मागे घेतले, त्याला ‘एवढे महिने फुकट गेले’ असे कृपा करून म्हणू नये. त्याला सोमवारी अस्थिरोगतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जावे, आणि तपासणीत काही गंभीर न निघाल्यास महिनाभराने क्रीडा संकुलावर त्याच्याबरोबर सावकाश चार फेऱ्या माराव्यात.